ते २२०० तासांचं टेबल आपल्यासाठी नाहीये

जपानी, कोरियन, चायनीज यातली सगळ्यात अवघड कुठली असं नेटवर शोधलं की पाच मिनिटांत एक टेबल समोर येतंच येतं. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूट म्हणून संस्था आहे, त्यांच्या अधिकाऱ्यांना परदेशी पोस्टिंगच्या आधी भाषा शिकवणारी, तिचं ते टेबल. त्यात फ्रेंच, स्पॅनिश सगळ्यात सोप्या गटात, हिंदी वरच्या गटात म्हणजे ४४ आठवडे, ११०० तास, आणि अगदी शेवटच्या गटात अरबी, चायनीज, जपानी, कोरियन, प्रत्येकी ८८ आठवडे, २२०० तास, तेही नुसते वर्गातले, घरचा अभ्यास वेगळाच. जपानीच्या पुढे तर बरीच वर्षं एक चांदणी असायची, की या गटातसुद्धा ही जरा जास्तच अवघड. हे टेबल बघून कोरियन शिकायचा विचार सोडून दिलेली, जपानीच्या क्लासची फी भरायच्या आधीच माघार घेतलेली चांगली हुशार मुलं मुली मी बघितलीयेत आणि मला दर वेळी वाईट वाटतं, म्हणून आज हे सगळं एकदा नीट लिहून काढतेय.

टेबल खोटं नाहीये, पण ते इंग्रजी मातृभाषा असलेल्या माणसासाठी बनवलंय. ज्या टेबलात हिंदीलाच फ्रेंचपेक्षा कितीतरी जास्त वेळ धरलाय ते टेबल मराठी माणसाला लागू कसं पडेल? आपल्याला हिंदी शिकायला ११०० तास लागले का? भाषा अवघड की सोपी हे तुम्ही कुठून निघालाय त्यावर ठरतं, आणि आपण निघतो मराठीतून.

मी स्वतः आधी जपानी शिकले, पुण्यात, आता कामही जपानी भाषांतराचंच करते, मग कोरियन शिकले आणि गेली काही वर्षं चायनीज चालू आहे. त्यामुळे तिन्ही भाषा आतून थोड्या थोड्या ओळखीच्या झाल्यात, तिन्ही सारख्या येत नाहीत पण तुलना करण्याइतपत येतात.

तर पहिली गोष्ट व्याकरण. जपानी आणि कोरियन वाक्यात क्रियापद शेवटी येतं हे सगळे सांगतात, आपलंही तसंच असतं हेही सांगतात, पण तिथेच थांबतात. खरी मजा त्याच्या पुढे आहे. आपण खाऊन बघतो, खाऊन टाकतो, घेऊन ठेवतो, लिहून देतो, घेऊन जातो. म्हणजे एका क्रियापदाला ऊन लावायचं आणि पुढे दुसरं साधं क्रियापद जोडायचं, आणि त्या दुसऱ्या क्रियापदाचा मूळ अर्थ मागे पडून नुसती छटा उरते. खाऊन बघण्यात डोळ्यांचा काही संबंध नसतो. आता जपानीत बघा, ताबेते मिरु, ताबेते म्हणजे खाऊन, मिरु म्हणजे बघणे. कात्ते ओकु, घेऊन ठेवणे. मोत्ते इकु, घेऊन जाणे, मोत्ते कुरु, घेऊन येणे. काइते आगेरु, लिहून देणे. आणि कोरियनमध्ये परत तेच, मोगो बोदा म्हणजे खाऊन बघणे, सा दुदा म्हणजे घेऊन ठेवणे, सो जुदा म्हणजे लिहून देणे, आणि मोगो बोरिदा म्हणजे खाऊन टाकणे, यातल्या बोरिदाचा मूळ अर्थच टाकणे, फेकून देणे. इंग्रजीवाल्या माणसाला यातला एकेक प्रकार स्वतंत्र धडा म्हणून शिकावा लागतो, 'ट्राय', 'कम्प्लीटली', 'इन ॲडव्हान्स' असे वेगवेगळे शब्द लावून, आणि आपल्याकडे हे सगळं शाळेत जायच्या आधीपासून तोंडात असतं.

विशेषणासारखी येणारी वाक्यंही तशीच. काल घेतलेलं पुस्तक. जपानीत किनो कात्ता होन, कोरियनमध्ये ओजे सान छेक, शब्दाला शब्द, त्याच क्रमाने. इंग्रजीत पुस्तक आधी आणि मग ते कुठलं हे मागून सांगत बसावं लागतं. आणि चायनीजचा वाक्यक्रम इंग्रजीसारखा असतो असं म्हणतात ते ढोबळमानाने खरं आहे, पण या बाबतीत चायनीजही आपल्याच बाजूला आहे, मी काल घेतलेलं पुस्तक हे चायनीजमध्ये असंच, आधी मी काल घेतलेलं आणि मग पुस्तक. ते वाक्य कितीही लांब झालं तरी शेवटी नाम येणार हे आपल्याला माहीत असतं त्यामुळे आपण शांतपणे वाट बघतो, इंग्रजीत विचार करणारा माणूस मध्येच घाबरतो.

अजून सांगते कारण हे मला फार आवडतं. खाल्लं तरी चालेल. जपानीत ताबेतेमो ई, कोरियनमध्ये मोगोदो द्वेयो, दोन्हीकडे खाल्लं, तरी आणि चालेल असे तीनच तुकडे. न खाऊन चालणार नाही, हे जपानीत ताबेनाकुतेवा इकेनाई, परत दोन नकार, आणि तो इकेनाई मुळात जाणे या क्रियापदातून आलेला, म्हणजे आपलं चालत नाही तसं त्यांचं जात नाही. का म्हणाल तर, हे आपण बोलताना कितीदा म्हणतो, ते जपानीत नाझे का तो इउ तो आणि कोरियनमध्ये वेन्याहाम्योन, दोन्हींची फोड का, म्हणाल, तर अशीच होते. तानाका म्हणून एक माणूस आहे, यातला म्हणून तर जपानीत जसाच्या तसा, तानाका तो इउ हितो. या म्हणूनचं इंग्रजी करायला गेलं की वाक्याची मोडतोड होते, आणि जपानीत करायला गेलं तर काही करावंच लागत नाही. आणि घरातून निघताना आपण जाते म्हणत नाही, येते म्हणतो, जाऊन येते म्हणतो, जाते म्हटलं तर आजी ओरडायची. जपानी माणूस घरातून निघताना इत्ते किमासु म्हणतो, त्याचा शब्दशः अर्थ जाऊन येतो, आणि कोरियन मुलंही घरच्यांना तेच सांगून निघतात, तान्योओगेस्सुम्निदा, जाऊन येतो. प्रश्नाच्या शेवटी जपानीत का लागतो, वाकारिमासु का म्हणजे समजतं का, हा योगायोग आहे, त्यात नातंबितं काही नाही, पण पहिल्या दिवशी शिकणाऱ्याला केवढा धीर येतो तो का ऐकून.

आता हे सगळं असं असताना आपल्याकडे जपानी शिकवतात कशी? इंग्रजीतून. पुस्तकातल्या ग्रामरच्या नोट्स इंग्रजीत, शब्दांचे अर्थ इंग्रजीत, आणि वर्गात पंचवीस जण बसलेत त्यातल्या वीस जणांची मातृभाषा मराठी. ताबेते मिरुला खाऊन बघणे एवढं सांगितलं की एका मिनिटात संपणारी गोष्ट आपण इंग्रजीत नेतो, तिथे ती मोडते, आणि मोडलेली परत जोडायला दोन तास घालवतो. मुलं वहीत जपानी वाक्य, त्याखाली इंग्रजी अर्थ असं लिहितात आणि मग जपानीचा वाक्यक्रम उलटा आहे म्हणून तक्रार करतात. उलटा नाहीये तो, सुलटाच आहे, मध्ये इंग्रजी आली म्हणून उलटा दिसतोय. मला मनापासून वाटतं की मराठी मुलांना जपानी आणि कोरियन मराठीतून शिकवली तर पहिल्या वर्षाचा निम्मा त्रास कमी होईल. हे मी शिकवण्या घेताना करून बघितलंय, मुलांचे चेहरेच बदलतात.

उच्चारांचंही असंच. जपानीत त ची ओळ ता, चि, त्सु, ते, तो अशी चालते आणि इंग्रजीवाले त्सु वर अडकतात, शब्दाच्या सुरुवातीला त्यांना तो आवाज काढताच येत नाही. आपला चुना, आपली चूल, त्यातला च म्हणजेच तो त्सु. आणि चिंच म्हणताना तोच च टाळूला जातो, कारण पुढे इ आली. म्हणजे पुढे इ आली की च टाळूवर आणि उ आला की दातांपाशी, हे जपानीत होतं ते आपल्या तोंडात आधीच होतंय. म्हैस पण अनेक झाल्या की म्हशी, स चा श झाला कारण पुढे ई आली, जपानीत हानासु म्हणजे बोलणे आणि त्याचं हानाशिमासु होतं, तेच कारण. हे ज्या दिवशी माझ्या लक्षात आलं त्या दिवशी मी आईला फोन करून म्हैस म्हशी सांगत होते.

त्यांची मुळाक्षरं तर अजून जवळची आहेत. अ, इ, उ, ए, ओ आणि मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. हा क्रम बौद्ध मठांमधून संस्कृतच्या, म्हणजे सिद्धम लिपीच्या अभ्यासातून तिकडे आलेला मानतात. आजचा हा पूर्वी पा होता आणि सा चा उच्चारही च च्या जवळचा होता असं भाषेचे अभ्यासक सांगतात, ते परत जागेवर ठेवून बघा, क, च, त, न, प, म, य, र, व. आपलीच वर्णमाला, फक्त ट चा वर्ग गाळलेला. जपानी डिक्शनरीत शब्द याच क्रमाने लावलेले असतात त्यामुळे पानं उलटताना हात आपोआप बरोबर जागी जातो.

कोरियनची लिपी, हांगुल, तिच्याबद्दल तर मी तासभर बोलू शकते. सेजोंग राजाने १४४३ मध्ये तयार केली, १४४६ मध्ये जाहीर केली, तेव्हा २८ अक्षरं होती, आता मूळ २४ वापरात आहेत. शहाणा माणूस सकाळ संपायच्या आत शिकेल आणि मंदबुद्धीचाही दहा दिवसांत शिकेल असं तेव्हाच्या पंडितांनी लिहून ठेवलंय आणि ते खरं आहे, एका शनिवार रविवारात होते. अक्षरांची वर्गवारी जिभेची, ओठांची, दातांची, घशाची अशी केलीये, आपण लहानपणी कंठ्य, दंत्य, ओष्ठ्य पाठ केलेलं असतं ना, तेच. क चं अक्षर म्हणजे घशाशी वर उचललेल्या जिभेचा आकार, आणि त्यात एक रेघ वाढवली की ख. अल्पप्राणाचं महाप्राण करायला एक रेघ, इतका स्वच्छ विचार मी दुसऱ्या कुठल्याही लिपीत पाहिलेला नाही.

पण कोरियन सोपी इथेच संपते असं समजा. लिपी शनिवार रविवारात येते आणि मग उच्चार महिनोन्महिने येत नाहीत. त्यांच्याकडे साधा, महाप्राण आणि ताठर असे तीन प्रकारचे आवाज आहेत, ताल म्हणजे चंद्र, थाल म्हणजे मुखवटा आणि त्ताल म्हणजे मुलगी, असं मी आत्ता देवनागरीत लिहिलंय पण ते तसं नाहीच, पहिला जो ताल आहे तो आपल्या त, थ, द यांच्यापैकी कुणीच नाही. त्यात तो शब्दाच्या सुरुवातीला एक वाटतो आणि दोन स्वरांच्या मध्ये दुसराच. मटणाला, म्हणजे एकूणच मांसाला, त्यांचा शब्द आपल्या कानाला कोगी ऐकू येतो, पहिला क, दुसरा ग. कोरियन माणसाला विचाराल तर तो म्हणेल दोन्ही एकच अक्षर आहे. पुसान शहराचं स्पेलिंग २००० च्या नव्या नियमांनी बुसान झालं तेही यामुळेच. आपला कान प, फ, ब, भ असा चौघांत फरक करायला तयार झालाय, तो कोरियनच्या तिघांना जबरदस्तीने या चार खणांत बसवायला बघतो, आणि हे मोडायला बराच वेळ लागतो. इथे मराठीचा उपयोग होत नाही, थोडी आडच येते.

मात्र अक्षरं जोडली की जे बदल होतात, ज्याला सगळे घाबरतात, लिहिलंय एक आणि वाचायचं भलतंच, तिथे आपण परत घरी. गुक म्हणजे सूप, मुल म्हणजे पाणी, दोन्ही मिळून शब्द लिहायचा गुकमुल आणि म्हणायचा गुंगमुल. पुढे म आला म्हणून क चा ङ झाला. वाक् आणि मय मिळून वाङ्मय. आठवीच्या व्याकरणातली अनुनासिक संधी, जगन्नाथवाली. सगळ्या कोरियन सिरीयलींमध्ये वाक्याच्या शेवटी ऐकू येणारं सुम्निदा हे लिहिताना सुप्निदा असतं, प चा म झालाय, अप् आणि मय चं अम्मय होतं तसं. ही संधी मार्कांपुरती पाठ करून आपण विसरून गेलो होतो, ती तिकडे रोजच्या बोलण्यात जिवंत आहे.

कोरियनमध्ये दुसरं अवघड म्हणजे क्रियापदांच्या शेपट्या. इतक्या आहेत की मोजायचं सोडून द्यावं. पण त्यातल्या बऱ्याच आपल्या की, ना, बरं का, हं यांच्या जागी येतात. जाना म्हणून एक शेपटी आहे, छान आहे की! मी सांगितलं होतं ना! यातला की आणि ना म्हणजे ती. इंग्रजी पुस्तकात तिच्यासाठी अर्धं पान समजावलेलं असतं. आकड्यांचे दोन संच आहेत, एक त्यांचा स्वतःचा आणि एक चायनीजवरून आलेला, आणि घड्याळ सांगताना तास एका संचातले आणि मिनिटं दुसऱ्या. याला इलाज नाही, पाठ करायचं.

आता जपानी. बोलायला जपानी आपल्याला या तिघींत सगळ्यात लवकर येते असं माझं स्पष्ट मत आहे, आणि लिहायला वाचायला सगळ्यात उशिरा. हिरागाना, काताकाना या उच्चारांच्या दोन लिप्या होऊन जातात, प्रश्न कांजीचा, म्हणजे चायनीजवरून घेतलेल्या अक्षरांचा. जोयो कांजी म्हणून रोजच्या वापराची सरकारी यादी आहे, २०१० पासून त्यात २१३६ अक्षरं आहेत, आणि आकडा हा खरा त्रास नाहीच. त्रास असा की एकेका अक्षराचे उच्चार अनेक. सूर्याचं, म्हणजे दिवसाचं अक्षर घ्या. रविवार म्हणजे निचियोबि, यात ते अक्षर दोनदा येतं, पहिल्यांदा निचि वाचायचं आणि दुसऱ्यांदा बि. एकटं आलं तर हि. महिन्याच्या एक तारखेला, त्सुइताचि, त्यात ते भलत्याच रूपात. आज म्हणजे क्यो, त्यात तर ते आजूबाजूच्या अक्षरासोबत विरघळूनच जातं. हेच अक्षर चायनीजमध्ये कुठेही आलं तरी त्याचा उच्चार एकच. एकाच शब्दात तेच अक्षर दोन तऱ्हेने वाचायची सवय मेंदूला लागायला वर्षं जातात, आणि अनोळखी आडनाव समोर आलं की जपानी माणूसही विचारून घेतो, त्यामुळे आपण वाईट वाटून घ्यायचं कारण नाही.

दुसरं म्हणजे आदरार्थी बोलणं. सगळ्यांना वाटतं आपल्याकडे तू, तुम्ही, आपण आहे तर हे जमेल. कोरियनचं खरंच जमतं, कारण आजी आल्या, सर बसले असं आपण म्हणतो तसंच ते मोठ्यांच्या क्रियापदात शि घालतात, आजी समोर असो नसो, कुणाशीही बोलताना आजी आल्याच. जपानीत तसं नाही. तिथे आपण कुणाशी बोलतोय त्यावर ठरतं. बाहेरच्या माणसाशी बोलताना आपल्या घरचे, आपल्या ऑफिसचे सगळे खाली उतरतात, क्लायंटचा फोन आला तर आपल्या साहेबांना नुसतं तानाका म्हणायचं, नावापुढे आदराचं सान नाही, काही नाही, आणि क्रियापदही विनम्र, आमचा तानाका सध्या बाहेर गेलेला आहे अशा थाटात. मराठी माणसाच्या जिभेवर हे येत नाही, आमचे साहेब असंच तोंडातून निघतं. भाषांतराच्या कामात मला कांजीपेक्षा याचाच जास्त विचार करावा लागतो. आणि कर्ता गाळायची सवय, मराठीतही आपण मी गाळतो पण गेलो, गेली, गेले वरून कळतं तरी, जपानीत इकिमाशिता म्हणजे कोण गेलं ते तुम्हीच समजून घ्यायचं.

मोजण्याचे शब्द, माणसाला वेगळे, चपट्या वस्तूला वेगळे, लांबट वस्तूला वेगळे, ते तिन्ही भाषांत आहेत. माणसं मोजताना आपण दोघं, तिघं, चौघं म्हणतोच की, जपानीत दोन माणसं म्हणजे फुतारि, एवढ्यावर सुरुवात करता येते, बाकी सरावाने होतं.

चायनीजवर मी सगळ्यात उशिरा आले आणि तिच्याबद्दल माझं मत सगळ्यात जास्त बदललंय. व्याकरणात आपल्या ओळखीचं फार थोडं. क्रियापद मध्ये येतं, ऊन नाही, विभक्ती नाही, लिंग नाही, वचन जवळपास नाही, काळाप्रमाणे क्रियापद बदलत नाही. हे ऐकायला सोपं वाटतं, पण मराठी माणसाला शब्दाच्या शेवटाकडे बघून अर्थ लावायची सवय असते आणि तिथे बघायला काहीच नसतं, सगळा भार क्रमावर आणि संदर्भावर. पहिले काही महिने हाताला काही लागत नाही असं वाटतं.

आणि टोन. चार टोन आणि एक हलका. माय म्हणजे विकत घेणे, तिसरा टोन, आणि माय म्हणजे विकणे, चौथा टोन. दोन उलट अर्थ आणि फरक नुसत्या सुराचा. आपण प्रश्न विचारताना वाक्याच्या शेवटी आवाज वर नेतो, रागावलो की खाली आपटतो, ही सवय चायनीज बोलताना मधे येते, भावना सुरात आली की शब्दच बदलतो. यावर मला उपयोगी पडलेली एकच गोष्ट म्हणजे टोन सुटे न शिकता दोन दोन शब्दांच्या जोडीत शिकणं, कारण खऱ्या बोलण्यात टोन एकमेकांना बदलतात, दोन तिसरे टोन शेजारी आले की पहिला दुसरा होतो, नी हाओ म्हणताना तेच होतं.

पण उच्चारांत आपला फायदा आहे आणि तो कुणी सांगत नाही. पिनयिन म्हणजे रोमन लिपीतली चायनीज, त्यात बी लिहिलं की ते ब नसतं, ते प असतं, आणि पी लिहिलं की फळातला फ, ओठ मिटून म्हणायचा खरा फ. डी म्हणजे त, टी म्हणजे थ. जी म्हणजे क, के म्हणजे ख. म्हणजे राजधानीचं नाव पेइचिंगच्या जास्त जवळ आहे. हा अल्पप्राण महाप्राणाचा फरक इंग्रजीवाल्यांना तोंडापुढे कागद धरून शिकवतात, आपल्याकडे तो पहिलीत होतो. परत आपला चार मधला च आणि चारा मधला च हे दोन वेगळे, चायनीजमध्ये ते वेगवेगळी अक्षरं म्हणूनच आहेत. शिकताना रोमन अक्षरांकडे बघू नका, शेजारी देवनागरीत लिहून घ्या, टोनची खूण वर करा, बघा किती फरक पडतो.

लिपीचं म्हणाल तर चायनीज अक्षरं जास्त आहेत, एचएसके या चायनीजच्या परीक्षेच्या २०२१ च्या मापदंडात एकूण ३००० धरलीयेत, तरी मला ती जपानी कांजीपेक्षा सोपी वाटतात. छिंग म्हणून एक अक्षर आहे, निळं हिरवं अशा अर्थाचं. त्याला पाण्याची खूण जोडली की स्वच्छ, बोलण्याची जोडली की विनंती, काळजाची जोडली की भावना, सूर्याची जोडली की निरभ्र, आणि सगळ्यांचा उच्चार छिंगच, टोन काय तो वेगळा. अर्थाची खूण एका बाजूला, आवाजाची दुसऱ्या. पहिली काहीशे अक्षरं घोकावी लागतात आणि त्यानंतर नवं अक्षर दिसलं तर अंदाज बांधता येतो. जपानी जसजशी पुढे जाल तशी अवघड होत जाते, चायनीज उलट, दारातच सगळ्यात कठीण आणि आत गेलं की मोकळी.

आणि एक गोष्ट जिने मला चायनीजच्या प्रेमात पाडलं. आम्ही आणि आपण. इंग्रजीत हा फरक नाही, हिंदीत आम्ही आपण दोन्हीला हम. बीजिंगकडच्या बोलण्यात आपण साठी, म्हणजे समोरच्याला धरून, त्सानमन असा वेगळा शब्द आहे आणि वोमन वेगळा. नात्यांचंही तसंच, मावशी वेगळी, आत्या वेगळी, काका बाबांपेक्षा मोठा की धाकटा त्यावर शब्द वेगळा. कोरियनमध्ये मावशी म्हणजे इमो आणि आत्या म्हणजे कोमो, आणि खानावळीत वाढणाऱ्या बाईंना तिथेही इमो म्हणून हाक मारतात, आपण मावशी म्हणतो तसंच.

सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले ते काही चायनीज शिकून गेले नव्हते. तिथे युद्धाच्या धामधुमीत शिकले, पेशंटशी बोलायचं, विद्यार्थ्यांना शिकवायचं म्हणून शिकले, आणि १९४२ मध्ये गेले तेव्हा अवघे ३२ वर्षांचे होते. मुलाचं नाव यिनहुआ ठेवलं होतं, यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. मराठी माणसाला चायनीज जमत नाही असं कुणी म्हणालं की मी एवढंच सांगते.

तर मला कुणी विचारलं तर माझा क्रम असा. लवकर बोलायचं असेल तर जपानी. लवकर वाचायला लागायचं असेल तर कोरियन. एक भाषा झाली की दुसरी घ्या, कारण तिघींत चायनीज मुळाचे शब्द इतके समान आहेत, जसे आपल्याकडे मराठी, कन्नड, बंगालीत संस्कृत शब्द सापडतात तसे, की तयारी म्हणजे जपानीत जुन्बि, कोरियनमध्येही जवळजवळ तेच, चायनीजमध्ये चुन्पेय, वेळ म्हणजे जिकान, शिगान, शच्येन. जपानी झालेल्याला कोरियन निम्म्या वेळात होते, व्याकरण आधीच घरचं आणि शब्द अर्धे ओळखीचे. कांजी झालेल्याला चायनीज वाचन सोपं जातं, फक्त चीनमध्ये १९५० नंतर सोपी केलेली अक्षरं वेगळी दिसतात. परीक्षांच्या मागे लागताना एक लक्षात ठेवा, जेएलपीटीमध्ये, म्हणजे जपानीच्या परीक्षेत, बोलायचं काही नसतं आणि हाताने लिहायचंही नसतं, सगळे पर्याय निवडायचे, त्यामुळे तिची एन२ ही वरची पातळी पास झालेला माणूस बोलू शकेलच असं नाही, बोलण्याचा सराव वेगळा करावाच लागतो.

माझ्याकडे जपानीच्या ताबेते, कात्ते अशा 'ते' रूपांची आणि कोरियनच्या शेपट्यांची मराठी अर्थांसकट यादी आहे, शिकवता शिकवता जमत गेलेली, ज्यांना हवी त्यांनी कमेंटमध्ये सांगा, पाठवते. चायनीजची तशी मराठीतली यादी कुणी केली असेल, विशेषतः क्रियापदामागे किंवा वाक्याच्या शेवटी लागणाऱ्या ल च्या वापराची, कारण तो झालं मधला ल की गेलं मधला की भलताच हे अजून माझं नीट लागलेलं नाहीये, तर कृपा करून मला कळवा.